गवती चहाच्या तेलाचे दोष

घर भाड्याने देण्यापूर्वी माणसाचा वास घेणारा घरमालक मी आयुष्यात एकच पाहिला. नाशिकच्या इंदिरानगरमधल्या त्या बंगल्याचा वरचा मजला बघायला आम्ही नवराबायको गेलो, तेव्हा काकांनी आम्हाला ‘या, बसा’ म्हणायच्या आधी दारातच थांबवलं, मान किंचित पुढे काढली आणि नाकाने एक लांब श्वास घेतला.

"सकाळी उदबत्ती लावली होती तुम्ही. मोगऱ्याची," ते म्हणाले. "तिच्यात मोगरा नाही."

मी लगेच माफी मागितली. उदबत्ती मी बनवलेली नव्हती, मोगरा मी काढून घेतलेला नव्हता. पण समोरच्या माणसाने कसलीही उणीव दाखवली की ती आपल्यामुळेच असणार, असं मला लहानपणापासून वाटत आलं आहे. वर्गात कोणाचं पेन हरवलं की माझे कान लाल व्हायचे. बायको हळूच म्हणाली, "अहो, त्यांनी पोलिसांत नाही दिलं तुम्हाला."

काका तोपर्यंत पुढच्या विषयाकडे वळले होते. "आता घराचे दोष सांगतो. उन्हाळ्यात दुपारी वरची खोली तापते. मोरीचा नळ घट्ट बंद होत नाही. शेजाऱ्यांचा कुत्रा पहाटे भुंकतो. आणि खाली मागच्या अंगणात माझी भट्टी आहे. ती पेटली की घरभर गवती चहाचा वास येतो. कपड्यांना येतो, पोळ्यांना येतो."

"चांगला वास आहे की," मी म्हणालो.

"चांगला-वाईट मला सांगता येणार नाही. येतो, एवढं खरं."

घराचे गुण त्यांनी सांगितलेच नाहीत. ते आम्ही राहायला आल्यावर आमचे आम्ही शोधून काढले. काकांशी व्यवहार करण्याची एकूण पद्धत हीच होती, हे मला फार उशिरा कळलं.

काका अंबडच्या एका साबणाच्या कारखान्यात नोकरीला होते. बाहेरून येणारी सुगंधी तेलं तपासणं हे त्यांचं काम. पिंप उघडायचं, टिपकागदाची पट्टी बुडवायची, नाकाखालून न्यायची आणि पिंप आत घ्यायचं की परत पाठवायचं ते सांगायचं. निवृत्त झाल्यावर लोक देवदर्शनाला जातात किंवा सोसायटीच्या कमिटीत शिरतात. काकांनी जुन्या नाशकातल्या एका तांबटाला गाठून तांब्याची भट्टी करून घेतली. खाली पोटाळा हंडा, वर घट्ट बसणारं टोपण, टोपणाला बाकदार नळी आणि ती नळी थंड पाण्याच्या पिंपातून वेटोळे घेत बाहेर. आख्ख्या कंपाउंडच्या कडेने त्यांनी गवती चहा लावला होता. शर्टाच्या खिशात पेन असायचं तिथे त्यांच्या टिपकागदाच्या पट्ट्या असत.

गवत सकाळी कापायचं आणि दुपारपर्यंत सावलीत पसरून ठेवायचं. जरा मलूल झालं की तेल बरं सुटतं. मग ते हंड्यात खच्चून भरायचं, खालून वाफ द्यायची. नळीतून थेंब थेंब पाणी येई आणि त्या पाण्यावर पिवळसर तेलाचा पातळ थर तरंगे. ढीगभर गवतातून औषधाच्या बाटलीभर तेल. ते गडद तपकिरी काचेच्या बाटलीत, अगदी गळ्यापर्यंत भरून, अंधाऱ्या कपाटात. हवा लागली की बिघडतं, ऊन लागलं की बिघडतं.

सुरुवातीला कॉलनीत कुजबूज झाली की मास्तरासारखा दिसणारा हा माणूस हातभट्टीची गाळतो. कोणीतरी चौकीत कळवलंही. हवालदार आला. काकांनी त्याला आत घेतलं, खुर्ची दिली, नाकाखाली पट्टी धरली आणि विचारलं, "काय वाटतं?"

"लिंबू," हवालदार म्हणाला.

"लिंबू नाही. लिंबासारखं. त्या द्रव्याला सिट्राल म्हणतात. साबणात घालतात, डासांच्या मलमात घालतात. उघड्या जखमेवर लावलं तर आग होते. मांजर असेल घरात तर तिच्यापासून लांब ठेवा. प्लॅस्टिकच्या बाटलीत ठेवू नका, तेल प्लॅस्टिक खातं..."

हवालदार चहा न घेता निघून गेला. काकूंचं म्हणणं असं की दारू निघाली असती तर तो जास्त वेळ थांबला असता.

प्लॅस्टिकचा अनुभव मीही घेतला. काकांनी दिलेलं थोडं तेल मी मुलीच्या जुन्या डबीत ओतून ठेवलं. काही दिवसांनी डबी चिकट झाली, तिचा रंग माझ्या बोटांना लागला आणि कपाटाचा खणही खराब झाला. मी खाली जाऊन कबुली दिली. काकांनी डबी उलटसुलट करून बघितली. ते रागावतील, निदान ‘असू दे’ म्हणतील, अशी माझी अपेक्षा होती. ते म्हणाले, "मी सांगितलं होतं." आणि डबी परत दिली. मी आठवडाभर त्यांच्या नजरेला नजर दिली नाही. त्यांच्या ते ध्यानातही आलं नव्हतं. अपराधी वाटणं ही गोष्टच त्यांच्या यंत्रात बसवलेली नव्हती. जे खरं ते बोललो, मग वाईट कशाचं वाटायचं? मला कधी कधी त्यांचा हेवा वाटे आणि हेवा वाटल्याबद्दल पुन्हा अपराधी वाटे.

एकदा काकूंनी हट्टाने त्यांना गंगापूर रोडवरच्या रविवारच्या प्रदर्शनात टेबल घ्यायला लावलं. बाटल्यांनी कपाट भरलं होतं आणि काकूंना त्यात लोणची ठेवायची होती. मदतीला मी गेलो. शेजारच्या टेबलावर एक बाई कोरफडीचा कसलासा गर विकत होत्या. त्याने वजन, झोप, नशीब सगळंच सुधारत होतं. आमच्या टेबलाशी पहिली बाई आली.

"हे लावलं की केस वाढतात का हो?"

"वाढतात," काका म्हणाले. "न लावताही वाढतात."

बाई हसल्या. त्यांना वाटलं विनोद आहे. "आणि डास?"

"डास लांब राहतात. पण तेल लवकर उडून जातं. तास-अर्ध्या तासाने पुन्हा लावावं लागतं. नुसतं लावू नका, खोबरेलात थेंब टाकून लावा. नाहीतर कातडी लाल होते."

"गुडघेदुखीवर?"

"तिळाच्या तेलात घालून चोळा, बरं वाटतं. त्यातलं किती तेलामुळे आणि किती चोळण्यामुळे, ते मला माहीत नाही."

"मग घेऊ की नको?"

"ते तुमचं तुम्ही ठरवा."

बाईंनी कोरफड घेतली. संध्याकाळी बाटल्या जशाच्या तशा परत आल्या. काकूंनी त्या मोजल्यासुद्धा नाहीत. मला म्हणाल्या, "आमच्या लग्नाच्या वेळी मला बघायला आले, तेव्हा म्हणाले, माझा पगार कमी आहे, मी घोरतो आणि मला गोड बोलता येत नाही. मला वाटलं, किती साधा मुलगा. साधा कसला, इशारा देत होता."

आणि आता आक्काबद्दल सांगायला हवं, कारण काकांबद्दल सांगण्यासारखं जे खरोखर आहे ते आक्कावाचून सांगता येत नाही.

आक्का म्हणजे काकांची थोरली बहीण. देवळ्याजवळच्या गावात तिची शेती. बारा महिने उन्हात राबलेली, उंच, खणखणीत आवाजाची बाई. दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुमारास ती नाशकात येई, भावाच्या घरी उतरे, काकूंशी तासन्‌तास बोले. भावाशी मात्र एक शब्द बोलत नसे. तो समोर बसलेला असला तरी नाही.

पहिल्यांदा हा प्रकार बघितला तेव्हा मला वाटलं, आपलंच काहीतरी चुकलं म्हणून घरात ताण आहे. मी भाड्याची पावती न्यायला खाली गेलो होतो. आक्का पाटावर बसून शेंगा सोलत होती. काका तिच्यापासून हातभर अंतरावर वर्तमानपत्र घेऊन.

"वहिनी," आक्का म्हणाली, "तुमच्या ह्यांना सांगा, कांद्याची गोणी आणली ती पडवीत ठेवली हाय. ओल लागू देऊ नका म्हणा."

काकू स्वयंपाकघरात होत्या. त्यांना ऐकू गेलं नाही. तेव्हा आक्काने माझ्याकडे बघितलं. "भाऊसाहेब, तुम्ही सांगा."

मी हातभर अंतरावरच्या काकांकडे वळलो. "काका, आक्का म्हणतात, गोणीला ओल..."

"ऐकलं," काका म्हणाले. "तिला विचारा, कांदा कोणता. लाल असेल तर टिकणार नाही."

"आक्का, काका विचारतात..."

"उन्हाळी हाय. मला एवढं कळतं म्हणावं."

पुढे हे काम माझ्याकडेच आलं. काकू कंटाळल्या होत्या. मी नवा होतो आणि नाही म्हणायची माझी छाती नव्हती. त्यातून मी निरोपांत थोडी साखर घालायला लागलो. आक्का म्हणाली, "त्याचा शर्ट बघा, बोहारणीलाबी नको," की मी सांगत असे, "काका, आक्का म्हणतात, तब्येतीला जपा." काका वर्तमानपत्रावरून बघत. "ती असं म्हणणार नाही. नीट सांगा." मग मला शर्टाचं सांगावं लागे. ते मान हलवत. "हां. हे तिचं वाक्य आहे." आणि चेहऱ्यावर एक समाधान दिसे. पत्र नीट पोचल्यासारखं.

कारण मला काकूंनी सांगितलं. आक्काचे यजमान, म्हणजे काकांचे दाजी, पोटातल्या गाठीने अंथरुणाला खिळले होते. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं होतं. काकांनी पाय चोळायला म्हणून स्वतः काढलेलं तेल पाठवलं. त्याच सुमारास कोणीतरी आक्काला मोबाईलवर दाखवलं की हेच तेल दुधातून थेंब थेंब दिलं तर ही गाठ विरघळते. आक्का ते द्यायला लागली. दाजींना वासही आवडायचा. बाटली उघडली की उशाशी ठेव म्हणायचे. त्यांना दोन घास जास्त जायला लागले, असं आक्काला वाटत होतं.

काका भेटायला गेले. खोलीत भाऊबंद बसलेले. आक्काने सगळ्यांसमोर कौतुकाने सांगितलं, भावाच्या तेलाने गुण येतोय. काका उभे राहिले आणि म्हणाले, "हे पोटात घ्यायचं तेल नाही. आतड्याची आग होईल. आणि ह्याने हा आजार बरा होत नाही. आता कशानेच होणार नाही."

दाजी कॉटवर जागे होते.

"त्यांनी ऐकलं," काकू म्हणाल्या. "मान भिंतीकडे फिरवली. मग काही दिवसांतच गेले. ते जाणारच होते, ते सगळ्यांना माहीत होतं. पण आक्का म्हणते, माझा माणूस त्या दिवशी गेला."

मी काकांपाशी हा विषय एकदाच काढला. भीत भीत विचारलं, तुम्ही कधी माफी मागून बघितली का?

"कशाची?" ते म्हणाले. त्यांना खरंच प्रश्न पडला होता. "मी खोटं काय बोललो? तेल पोटात घ्यायचं नसतं. तिने थांबवलं, ते बरं झालं. आजार बरा होणारा नव्हता. ह्यातलं कोणतं वाक्य मागे घेऊ?"

माझ्यासारखा माणूस न केलेल्याची माफी मागतो, त्यामुळे माझ्या माफीला बाजारात भाव नाही. त्यांना खोटी माफी मागता येत नव्हती आणि खरी कुठली मागायची ते सापडत नव्हतं. पण आक्का यायची असली की ते आदल्या दिवशी दाढी करत, पडवी स्वतः झाडत आणि ती गेल्यावर दोन दिवस भट्टी पेटवत नसत.

त्या वर्षी थंडी ओसरायला लागली आणि एका सकाळी काकांनी मला खालून हाक मारली. आवाज वेगळाच होता. मागच्या अंगणात गेलो तर ते भट्टीपासून चार पावलांवर, हात मागे बांधून उभे. थंडीत गवताला तेल कमी असतं म्हणून भट्टी बरेच दिवस बंद होती. टोपणाची नळी त्यांनी धुवायला काढून ठेवली होती. ती जिथे बसते त्या भोकातून मधमाश्या आत-बाहेर करत होत्या. कान दिला तर हंड्यातून गुणगुण ऐकू येत होती. आख्खी वस्ती आत शिरली होती.

"वासाने आल्या," काका म्हणाले.

"तुम्ही तर म्हणायचात, ह्या वासाने किडे लांब राहतात."

"म्हणायचो."

त्या दिवशी त्यांनी जेवण नीट केलं नाही. जुन्या कारखान्यातल्या कोणाला तरी फोन लावला, मग मधपेट्या ठेवणाऱ्या एका ओळखीच्या शेतकऱ्याला. दुपारी मला सांगितलं, "मधमाश्या नवी जागा सापडली की आपल्या बाकीच्यांना बोलवायला अंगातून एक वास सोडतात. तो थेट ह्या तेलासारखा असतो. पेटीवाले पेटीत दोन थेंब लावतात, माश्या याव्यात म्हणून. सगळ्यांना माहीत आहे. मला नव्हतं."

आणि मग ते चप्पल घालून बाहेर पडले. ज्यांना ज्यांना त्यांनी तेलाबद्दल सांगितलं होतं, त्या सगळ्यांच्या दारात जाऊन, सांगण्यात चूक झाल्याचं सांगायला. मला बरोबर नेलं. "डास लांब राहतात, ते खरं आहे. पण किडे लांब राहतात असं मी म्हणालो होतो, ते चूक. मधमाश्या उलट जवळ येतात. दुरुस्त करून घ्या." लोक दारात हातात चमचा नाहीतर रिमोट घेऊन उभे राहून ऐकत. कोपऱ्यावरच्या बंगल्यातल्या बाई म्हणाल्या, "पण काका, आम्ही तेल घेतलंच नव्हतं."

"घेतलं नव्हतं, ऐकलं होतं," काका म्हणाले आणि पुढच्या घराकडे निघाले.

दोन-चार दिवसांनी आक्काचा फोन आला. अर्थात काकूंना. काकूंनी फोन टेबलावर ठेवून स्पीकर चालू केला होता, कारण हात पिठात होते. आक्काने त्या वर्षी कांद्याचं बी धरलं होतं. म्हणजे निवडक कांदे पुन्हा जमिनीत लावायचे, त्यांना उंच दांडे येतात, दांड्यावर पांढऱ्या फुलांचे गेंद. त्यांना डेंगळे म्हणतात. डेंगळ्यांवर माशी बसली तर बी भरतं, नाहीतर गेंद पोकळ वाळतो.

"फुलोरा असा आलाय वहिनी, बघत राहावं," आक्का सांगत होती. "पण माशी नाय. आजूबाजूला सगळ्यांनी फवारलं. पेट्यावाल्यांना विचारलं तर पेट्या आधीच दुसरीकडं गेल्या. गूळपाणी शिंपडलं, मुंग्या आल्या. हे बी आमच्या ह्यांच्या हातचं, वहिनी. ह्यांनी निवडून ठेवलेला वाण हाय. औंदा बी नाय धरलं तर वाण संपला."

काका पलीकडच्या खोलीत होते. दाराशी येऊन उभे राहिले. फोन बंद झाल्यावर तिथे बसलेल्या मला म्हणाले, "ह्या माश्यांना इथे खायला काही नाही. कॉलनीत नुसत्या शोभेच्या झाडांची गर्दी आहे. देवळ्याला फुलं आहेत."

"म्हणजे आक्कांकडे..."

"माश्यांच्या दृष्टीने म्हणतोय मी."

"पण भट्टी?"

"त्यांनी पोळी बांधली असतील. आता हलवलं तर विस्कटेल. हंड्यासकट जाईल."

"आणि मग तेल?"

"तेल काय, बाजारात मिळतं," काका म्हणाले. ज्या माणसाने बाजारातल्या प्रत्येक बाटलीला नाक मुरडलं होतं, त्याने. काकू पिठाचे हात तसेच ठेवून त्यांच्याकडे बघत राहिल्या.

संध्याकाळी माश्या आत परतल्यावर काकांनी भोकावर मलमलीचा तुकडा बांधला. दुसऱ्या दिवशी उजाडताच हंडा माझ्या गाडीच्या मागच्या सीटवर ठेवला. काकांनी त्याला पट्टा लावला आणि शेजारी एक हात हंड्यावर ठेवून बसले. गाडीत मागून एक अखंड गुणगुण येत होती आणि मला वाटत होतं, खड्डा चुकला नाही तर आपण आक्काच्या वाणाचे, दाजींच्या आठवणीचे आणि ह्या माश्यांचे एकदमच गुन्हेगार होऊ. टोलनाक्यावरच्या पोराने आत वाकून विचारलं, "मागं काय हाय?"

"भट्टी," काका म्हणाले.

"कशाची?"

"सध्या माश्यांची."

त्याने अडथळा इतक्या तत्परतेने वर केला की तसा वर गेलेला अडथळा मी आधी किंवा नंतर पाहिला नाही.

आक्का ओट्यावर उभी होती. काकूंनी तिला कळवलं असणार. तिने भावाकडे बघितलं नाही. "भाऊसाहेब, त्याला विचारा, हे काय आणलं."

"तिला सांगा, सातेरी जातीच्या माश्या आहेत," काका म्हणाले. "हंड्यासकट ठेवायच्या. हंडा परत नको."

मी सांगितलं. आक्का ओट्यावरून उतरली. वाट दाखवत पुढे चालू लागली. शेत खरंच बघत राहावं असं होतं. कंबरेएवढ्या दांड्यांवर पांढरे गेंद, रांगांमागून रांगा, आणि इतकी शांतता की ती ऐकू यावी. बांधावरच्या कडुनिंबाच्या सावलीत दगडांवर आम्ही हंडा बसवला. काकांनी मलमल सोडली. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग एक माशी भोकाशी आली, थांबली, उडाली, हंड्याकडे तोंड करून झुलत राहिली, जणू पत्ता पाठ करत होती. मग दुसरी. मग बऱ्याच. पहिल्या रांगेतल्या एका गेंदावर एक जाऊन बसली. आक्काने पदराचं टोक तोंडात धरलं.

ह्या क्षणी कोणताही माणूस गप्प राहिला असता. मीसुद्धा.

"तिला सांगा," काका म्हणाले, "एवढ्या माश्यांनी आख्खं शेत होणार नाही. ह्या कडेच्या रांगांचं झालं तर झालं. शिवाय नवी जागा आहे, त्या उडूनही जातील."

मी निरोपात घालायला साखर शोधत होतो. तेवढ्यात आक्का गर्रकन वळली. माझ्याकडे नाही, त्यांच्याकडे.

"तुना तोंडमा एक चांगला शबद शे का रे? जलमापासून?"

मी दचकलो. आक्का माझ्यामार्फत बोलायची ती साधी गावाकडची मराठी. ही त्यांच्या घरातली भाषा होती, अहिराणी, आणि ती भावाखेरीज तिथे कोणासाठीच नव्हती. आक्काचा आवाज उतरला.

"आता आला शेस तर सांग माले. खरं सांग. तुना तेलना त्यासले काहीच फायदा नही व्हता?"

इतक्या वर्षांत तिने त्यांना विचारलेला हा पहिला खरा प्रश्न. आणि मला कळलं की ह्याचं उत्तर काकांना ठाऊक आहे. ते उत्तर त्यांनी एकदा दिलेलंही आहे. मी मनात देवाला विनवलं की ह्या माणसाला एकदा, फक्त एकदा खोटं बोलू दे. त्यांचा हात खिशातल्या पट्ट्यांकडे गेला आणि तिथेच थांबला.

"दाजीसले वास आवडे, आक्का," ते म्हणाले. त्यांच्या तोंडून मी ती भाषा कधी ऐकली नव्हती. ती घासलेल्या भांड्यासारखी निघाली. "तेवढा फायदा व्हता. तो मी हिशोबमा धरा नही. तो धराले पाहिजे व्हता."

आक्काने पदर खोचला. मग तिने सुरुवात केली. दाजींच्या दिवसापासून नाही, त्याच्याही आधीपासून. लहानपणी हा शाळेत मास्तरांना जाऊन काय सांगून आला, आईच्या हातच्या भाकरीला काय नाव ठेवलं, तिच्या लग्नात मांडवात काय बोलला. घराकडे चालत गेलो तरी ती बोलत होती. ओट्यावर बसलो तरी बोलत होती. मधेच सुनेला चहा टाकायला सांगितला आणि पुन्हा बोलायला लागली. काका समोर मान खाली घालून बसले होते, सत्काराला बसावं तसे. एकदाही म्हणाले नाहीत की ह्यातलं कोणतं वाक्य मागे घेऊ. त्या दोघांच्या मधे माझी काही गरज उरली नव्हती. चहा घेऊन मी बांधाकडे निघून गेलो. सवयीप्रमाणे अपराधी वाटायला काही शोधत होतो. नीटसं काही सापडलं नाही.

बऱ्याच वेळाने काका माझ्यामागे आले. कडुनिंबाखाली उभे राहिले. डोळे लाल होते आणि ते लपवायचा त्यांनी काही प्रयत्न केला नव्हता, कारण लपवणं त्यांना येतच नव्हतं.

"कांद्याचं शेत आहे," ते म्हणाले. "डोळ्यांना झोंबतं."

कांदा कापल्याशिवाय डोळ्यांना झोंबत नाही. फुलातल्या कांद्याला तर तसला वासही नसतो. हे मला त्यांनीच कधीतरी, मी न विचारता, जिन्यात उभं करून समजावून सांगितलं होतं.

"हो," मी म्हणालो. "मलाही झोंबतंय."